पडद्याखालच्या चपला

पोटात गोष्ट न राहणारी माणसं जगात पुष्कळ असतात, पण त्यांतल्या फार थोड्यांचं औषधांचं दुकान असतं. आपल्या गोष्टीतल्या औषधवाल्यांचं होतं. त्यातून त्यांचा आवाज असा, की त्यांनी दुकानात 'या, बसा' म्हटलं की समोरच्या सलूनमधला माणूस बसायचा. गल्ली त्यांना माघारी भोंगा म्हणत असे. हे गल्लीतल्या लहानथोरांना ठाऊक होतं, फक्त भोंग्याला ठाऊक नव्हतं.

आपण मोठ्याने बोलतो ही त्यांच्या मते सेवा होती. गिऱ्हाईक घाईत असतं, सूचना अर्धवट ऐकतं आणि चालू लागतं. मग ते रस्ता ओलांडून पलीकडे पोचलं की औषधवाले काउंटरवर वाकून सांगायचे, "वहिनी, ती पांढरी गोळी गिळायची नाही बरं का, ती खालून ठेवायची." वहिनी पदरात तोंड लपवून पळत, आणि औषधवाल्यांना वाटे, बाई किती सालस आहे, साधं 'हो' म्हणायलासुद्धा लाजते.

अशा माणसाच्या हातून जे व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी समोरच्या फुटपाथवरून हेडमास्तर चालले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची मान अजून शाळेच्या प्रार्थनेला उभी होती. त्यांच्याबरोबर मोठ्या हुद्द्यावर पोचलेले दोन-तीन जुने विद्यार्थी होते आणि वाचनालयात भाषणाला आलेले एक पाहुणे होते. हेडमास्तर त्यांना चारित्र्य या विषयावर काही सांगत होते. तेवढ्यात औषधवाल्यांची नजर गेली आणि त्यांना मित्राच्या काळजीने भरून आलं.

"मास्तर, तुमचं मूळव्याधीचं मलम आलंय हो. मागच्यापेक्षा हे चांगलं, आग अजिबात होत नाही."

पाहुणे आकाशाकडे बघू लागले. जुने विद्यार्थी वर्गात हसू दाबायचं असलं की जसे खोकत, तसे खोकले. हेडमास्तर सावकाश रस्ता ओलांडून आले आणि दुकानासमोर उभे राहून म्हणाले, "आपल्या दुकानाची पायरी आजपासून मी चढणार नाही." मग वळले आणि गेले.

औषधवाल्यांना 'पायरी चढणार नाही' हे इतकं लागलं नाही, 'आपल्या' हे लागलं. इतकी वर्षं हेडमास्तर त्यांना 'अरे, तुला काय कळतं' असं प्रेमाने म्हणत आले होते. रोज संध्याकाळी ते काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसायचे, दोघांत चहा व्हायचा आणि जगातल्या यच्चयावत प्रश्नांवर कडाक्याचं भांडण व्हायचं. ते भांडण झाल्याशिवाय औषधवाल्यांना जेवण जात नसे. त्या दिवसापासून स्टूल रिकामं पडलं. माफी मागायला ते दोनदा मास्तरांच्या घरीही गेले. दोन्ही वेळा आतून मास्तरांचाच आवाज आला, "मी घरी नाही म्हणून सांग त्यांना."

"पण मी वाईट काय केलं?" त्यांनी बायकोला विचारलं. "मलम आलं होतं, ते आलं म्हणून सांगितलं. आलं नसताना सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी."

बायको बँकेत नोकरीला होती. ती म्हणाली, "आमच्याकडे माणसाच्या खात्यात काय आहे ते शेजारच्या खिडकीला कळू देत नाहीत. तुम्ही माणसाच्या आतड्यात काय आहे ते चौकाला कळवता. मास्तर परत यायला हवे असतील तर आधी दुकानात दोन गोष्टी गुपचूप बोलता येतील असं काहीतरी करा."

झालं. औषधवाल्यांनी मनावर घेतलं. आजवर त्यांनी जे जे मनावर घेतलं होतं त्याची गल्लीला आठवण होती, त्यामुळे गल्ली जरा सावध झाली.

पहिल्यांदा त्यांनी कुजबुजून बोलायचं ठरवलं. पण त्यांची कुजबुज म्हणजे नुसतीच गरम हवा यायची, शब्द यायचे नाहीत. पहिलंच गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या आजी. औषधवाले त्यांच्या कानाशी लागून काहीतरी फुसफुसले. आजी मागे सरकून म्हणाल्या, "काय म्हणालास? जुलाब? मला नव्हे रे, सूनबाईला. तीन दिवस तिच्या खेपा थांबत नाहीयेत." सूनबाई मागेच उभी होती. ती आल्या पावली परत गेली, आणि त्या अवस्थेतही तिचा वेग पाहून लोक थक्क झाले.

समोरचा सलूनवाला हा गल्लीचा सल्लागार. वस्तरा दुसऱ्याच्या गळ्यावर असताना त्याला फार चांगलं सुचतं. तो म्हणाला, "काका, खरं नाव घ्यायचंच नाही. प्रत्येकाला एकेक खोटं नाव द्या. पक्ष्यांची द्या, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही."

वाईट वाटणार नाही हा सलूनवाल्याचा अंदाज होता. औषधवाल्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांचे पक्षी केले. लिहून ठेवलं तर गुपित कसलं, म्हणून सगळं डोक्यात ठेवलं. औषधांच्या बाबतीत त्यांचं डोकं पक्कं होतं, आयुष्यात एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र ते दुपारपर्यंतच टिकलं. संध्याकाळी भर गर्दीत ते पुड्या घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "टिटवी कोण?"

कोणी हललं नाही.

"अहो, टिटवीची औषधं तयार आहेत. टिटवी कोण?" आणि त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे कशाला बघताय?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "सकाळी तुम्ही मला मोर म्हणाला होतात."

"मोर मी आहे," घड्याळजी मागून म्हणाला.

दोघांचं मोरावरून चांगलंच जुंपलं. शेवटी औषधवाल्यांनी हात जोडले आणि ज्याने त्याने आपापलं खरं नाव व आजार मोठ्याने सांगून आपापला पक्षी सोडवून नेला. त्या एका संध्याकाळी गल्लीला एकमेकांच्या प्रकृतीची जेवढी माहिती झाली तेवढी भोंग्याने वर्षभरात दिली नसती. टिटवी कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या औषधांवर कोणी हक्क सांगेना.

मग पडदा आला. काउंटरच्या टोकाला, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आणि एक औषधवाला मावेल एवढी जागा होती. तिथे त्यांनी दोरी बांधली आणि घरातला न्हाणीघराचा पडदा लावला. पडद्यावर पिवळी बदकं होती. कल्पना उत्तम होती, एवढंच की न्हाणीघराची दोरी खाली असते आणि दुकानाची वर. पडदा नडगीपर्यंत येऊन थांबला. आत उभ्या माणसाचं तोंड गुप्त राहिलं, पाय राहिले नाहीत.

आता सलूनच्या बाकावर पाळीची वाट बघत बसणाऱ्यांना दुसरं कामच नव्हतं. त्यातून सलूनवाल्याला गल्लीतला प्रत्येक जोडा तोंडपाठ. दिवसभर खाली बघून काम करणारा माणूस तो. तो कात्री न थांबवता सांगायचा, "डावी टाच झिजलेली, म्हणजे घड्याळजी. आत जाऊन बराच वेळ झाला. मामला साधा नाही." पूर्वी लोकांना आजार कळायचा. आता आजार कळत नसे, फक्त माणूस कळे, आणि आजार ज्याच्या त्याच्या कल्पनाशक्तीवर सोडलेला असे. गल्लीची कल्पनाशक्ती दांडगी होती.

घड्याळजी शहाणा माणूस. पुढच्या वेळी तो शेजारच्या वह्या-पेनवाल्याचे बूट घालून आला. सलूनवाल्याने बूट बघितले आणि बातमी वह्या-पेनवाल्याच्या घरी पोचली. त्याच्या बायकोने रडूनओरडून घर डोक्यावर घेतलं, "इतकं काय झालंय तुम्हाला की माझ्यापासून लपवावं लागतं?" तो परोपरीने सांगत होता की मी तिथे नव्हतोच. "तुमचे बूट होते की नाही?" यावर तो स्वतःच्या पायांकडे बघू लागला. शेवटी घरात शांतता नांदावी म्हणून त्याने ॲसिडिटी असल्याचं कबूल केलं, आणि कबूल केल्यामुळे त्याला रोज थंड दूध प्यावं लागू लागलं. ते पिऊन त्याला खरोखरच काहीतरी होऊ लागलं आणि तो सलूनवाल्याच्या चपला घालून पडद्यामागे आला.

तिथून गल्लीत पादत्राणांना काही धरबंध राहिला नाही. दाराबाहेर काढलेली चप्पल सकाळी तिथेच सापडेल याची खात्री उरली नाही. सेक्रेटरीबाईंनी सोसायटीच्या फलकावर सूचना लावली की सभासदांनी आजारी पडताना स्वतःच्याच चपला वापराव्यात.

तुम्ही म्हणाल, एवढं रामायण करण्यापेक्षा पडद्याला खाली वीतभर कापड जोडायचं. औषधवाल्यांच्या बायकोनेही तेच म्हटलं. कापड आणलंही होतं. पण त्याच दिवशी दुकानांच्या परवान्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. औषधांच्या दुकानात पडदा लावून काहीतरी चालतं अशी तिथे तक्रार गेली होती. तक्रार कोणी केली ते कचेरीने सांगितलं नाही. तिथे गुप्तता पाळतात.

"पडदा म्हणजे भिंत की दार?" कारकुनाने विचारलं.

"पडदा म्हणजे पडदा."

"तसा प्रकार आमच्याकडे नाही. दुकानाचा जो नकाशा मंजूर आहे त्यात भिंती आहेत आणि दारं आहेत." त्याने थोडा विचार केला. "आपण त्याला हलती भिंत म्हणू. हलती भिंत कशासाठी हवी?"

"पेशंटच्या गोष्टी खासगी राहाव्यात म्हणून."

"कोणत्या पेशंटच्या?"

"सगळ्याच."

"असं मोघम चालत नाही. कोणाला कोणता आजार आहे आणि तो का लपवायचा आहे, ते नावानिशी सांगावं लागेल. मग ते आम्ही बाहेर फलकावर लावणार. महिनाभर. कोणाची हरकत असेल तर त्यांना घेता आली पाहिजे."

"अहो, मग खासगी काय राहिलं?"

"ते मंजुरी मिळाल्यावर सुरू होईल," कारकून समजुतीने म्हणाला. "तोवर पडद्याला हात लावायचा नाही. आहे तसा, आहे तिथे. साहेब स्वतः येऊन बघतील."

तेव्हा बदकं नडगीपर्यंतच राहिली. औषधवाले खचले. कुजबुज झाली, पक्षी झाले, पडदा झाला, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते मास्तर समोरच्या फुटपाथवरून मान ताठ ठेवून रोज जातच होते. दुकानाकडे बघतही नव्हते. संध्याकाळी औषधवाले एकटेच चहा प्यायचे आणि कपाटातल्या बाटल्यांशी दोन वाक्यं भांडून बघायचे. बाटल्या उलटून बोलत नसत, आणि न बोलणाऱ्याशी भांडायची त्यांना सवय नव्हती.

अशाच एका सामसूम दुपारी त्यांना पडद्याखाली दोन पाय दिसले. पायांत बायकी गुलाबी स्लिपर होत्या, आणि त्या इतक्या तोकड्या की टाचा निम्म्या बाहेर. कोण, कधी आलं ते कळलंच नव्हतं. ते लगबगीने आत शिरले. आत उघडी छत्री तोंडासमोर धरून हेडमास्तर उभे होते.

औषधवाल्यांनी शक्य तितक्या हळू विचारलं, "बोला मास्तर. काय त्रास होतोय?"

"काही नाही."

"इथलं बाहेर जाणार नाही. शपथ घेतो. जे काही झालं असेल—"

"अरे, काही नाही म्हणजे काही झालेलंच नाही," मास्तर छत्री मिटत म्हणाले. ती अडचणीत नीट मिटेना. "प्रकृती ठणठणीत आहे. ते मलमसुद्धा आता लागत नाही."

"मग?"

मास्तर पडद्यावरच्या एका बदकाकडे वळले. "घरी वाद घालायला कोणी नाही," ते म्हणाले. "बायको माझ्या प्रत्येक वाक्याला 'बरोबर आहे' म्हणते. पंधरा दिवसांपूर्वी मी मुद्दाम धडधडीत चूक बोललो. तरी म्हणाली, बरोबर आहे. जेवणावरची वासना उडालीय माझी. तुझ्याइतका चुकीचा माणूस मला या गावात दुसरा मिळाला नाही."

औषधवाल्यांचे डोळे भरून आले. इतकं सुंदर त्यांच्याविषयी कोणी बोललं नव्हतं.

"पण हे बाहेर कळता कामा नये," मास्तर म्हणाले. "चारचौघांत शब्द देऊन बसलोय पायरी चढणार नाही म्हणून. हेडमास्तर शब्द गिळून गप्पा मारायला आला असं झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यापेक्षा मला कुठलातरी भयंकर रोग झालाय असं लोकांना वाटलं तरी पत्करलं."

"मेलो तरी सांगणार नाही," औषधवाले म्हणाले, आणि नेमकं त्याच वेळी बाहेरून आवाज आला, "दुकानात कोण आहे?"

परवान्याचे साहेब आले होते. बरोबर कारकून होता. त्यांची गाडी बघून मागोमाग सेक्रेटरीबाई आल्या, आणि सलूनवाला अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट आला. औषधवाले बाहेर येऊन पडद्यापुढे हात पसरून उभे राहिले.

"हीच ती हलती भिंत?" साहेबांनी विचारलं. "आत कोण आहे?"

"गिऱ्हाईक."

"काय देताय त्यांना?"

"काही नाही."

"मग आत चाललंय काय?"

औषधवाल्यांच्या ओठांवर सगळं आलं होतं. आयुष्यभर ज्या ओठांनी काही अडवलं नव्हतं, ते त्यांनी दाताखाली धरले. तोवर सलूनवाल्याने सवयीने खाली बघितलं होतं.

"अरेच्चा," तो म्हणाला. "या तर हेडमास्तरीणबाईंच्या स्लिपर."

सगळ्यांच्या नजरा स्लिपरवरून हळूहळू वर चढल्या आणि औषधवाल्यांच्या तोंडावर येऊन थांबल्या. नवऱ्याने अबोला धरलेला, दुपारची वेळ, आणि पडद्यामागे हेडमास्तरीणबाई. एक वाक्य बोललं असतं तर सुटले असते. ते बोलले नाहीत. एवढ्यात बँकेतून लवकर सुटलेली त्यांची बायको गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिला कोणीतरी स्लिपर दाखवल्या. तिने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिच्याकडे बघूनही औषधवाले बोलले नाहीत. आत मास्तर अंग चोरून उभे असावेत, कारण स्लिपर भिंतीकडे सरकल्या.

तेवढ्यात रस्त्यावरून फटक फटक आवाज करत हेडमास्तरीणबाई आल्या. पायांत नवऱ्याचे मोठे काळे बूट होते. "कुणी माझ्या स्लिपर पाहिल्या का हो?" त्यांनी विचारलं. "सकाळपासून सापडत नाहीत, आणि आमचे हेही सापडत नाहीत."

पडदा बाजूला झाला. हेडमास्तर बाहेर आले. गुलाबी स्लिपरांत जेवढी ताठ मान ठेवता येते तेवढी त्यांनी ठेवली होती. औषधवाल्यांच्या बायकोने पर्स पुन्हा पहिल्या खांद्यावर घेतली. कोणी हसलं नाही. बायकोच्या चपला घालून, तोंड लपवून, सोडलेल्या दुकानात यावं लागलं म्हणजे या माणसाला काय झालं असेल, या विचाराने सगळे आदबीने मागे सरकले होते.

"आजोबा, त्रास काय होतोय आपल्याला?" साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं.

"जे सांगायचं ते मी यांना सांगितलं आहे," मास्तर म्हणाले.

साहेब औषधवाल्यांकडे वळले. "ठीक आहे, तुम्ही सांगा. पडद्यामागे काय काम होतं ते कळल्याशिवाय मला दुकान चालू ठेवता येणार नाही."

"सांगणार नाही."

"परवाना थांबवेन. चौकशी होईपर्यंत शटर खाली."

"ठेवा खाली," औषधवाले म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं.

शटर खाली आलं. गल्ली मात्र हादरून गेली ती शटरमुळे नव्हे. भोंग्याने दुकान जाऊ दिलं, पण तोंड उघडलं नाही. ज्या माणसाने कोणाचं खरूज-गजकर्ण सोडलं नाही, त्यालाही सांगवत नाही असा हा कसला रोग? सेक्रेटरीबाईंनी मास्तरांच्या घरी फळं पाठवली. पाहुणे आणि जुने विद्यार्थी भेटून गेले, जाताना प्रत्येकाने पायांना हात लावला. मास्तर गंभीरपणे मान हलवत आणि फळं खात.

घरी बायकोने ताट वाढताना विचारलं, "मला तरी सांगाल?"

"नाही."

"फार वाईट आहे का?"

औषधवाल्यांनी मान खाली घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या पोटात काही राहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती. तिने न विचारता त्यांना आणखी भात वाढला.

चौकशी रेंगाळली. रोज संध्याकाळी हेडमास्तर स्वतःचे बूट घालून बंद दुकानाच्या मागच्या दाराने आत जात. औषधवाले आधीच चहा करून बसलेले असत. दार आतून लागलं की गल्लीतली माणसं पलीकडच्या बाजूने, पाय न वाजवता जात. थोड्या वेळाने शटरमागून आधी मास्तरांचा चिरका आवाज येई, मग औषधवाल्यांचा, मग दोघांचाही एकदम, आणि तो कितीतरी वेळ थांबत नसे. समोर सलूनवाल्याची कात्री थांबे. तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच म्हणे, "आज फार सोसतायत मास्तर."